ग्लेनफार्क्लास २५: आठ महिने, तेवीस पेग

दिवाळीत उघडलेली ग्लेनफार्क्लासची, म्हणजे पंचवीस वर्षं मुरलेल्या स्कॉच व्हिस्कीची, बाटली या आठवड्यात संपली. ७०० मिली, म्हणजे तीस-तीसचे तेवीस पेग. त्यातले दोन वाया गेले, ते कसे ते सांगतोच.

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून गाडीने दीड-पावणेदोन तासांवर बॅलिंडॅलॉक गाव आहे. स्पेसाइड या व्हिस्कीच्या पट्ट्यातली ग्लेनफार्क्लासची डिस्टिलरी तिथेच, ती १८६५ पासून ग्रँट कुटुंबाकडे आहे. बाटली तिथूनच आणली. किमतीत एक बरा मोबाइल आला असता. घरी आणून दोन वर्षं वाइनच्या रॅकमध्ये आडवी ठेवली आणि तिथेच माती खाल्ली. वाइनचं बूच ओलं राहावं लागतं, व्हिस्कीचं नाही. ४३ टक्के अल्कोहोलमध्ये भिजून बूच इतकं मऊ झालं होतं की पिळताक्षणी अर्धं हातात आणि अर्धं बाटलीत. शेवटी पंचवीस वर्षं मुरलेली व्हिस्की मी चहाच्या गाळणीतून भांड्यात ओतली. धांदलीत थोडी ओट्यावर सांडली, तेच ते दोन पेग. चूक सर्वस्वी माझी. तुम्ही बाटली उभीच ठेवा, उन्हापासून लांब.

पहिला घोट घेतला आणि खरं सांगायचं तर हिरमोड झाला. जास्त उकळलेल्या चहासारखा तुरटपणा, जीभ ओढली जात होती. युरोपियन ओकच्या पिपात इतकी वर्षं काढल्यावर लाकूड बोलणारच. पण दीड महिन्याने, बाटलीतली व्हिस्की खांद्याखाली उतरल्यावर, ती उलगडली. ग्लास नाकाशी नेला आणि थेट आजीचा मोरावळा आठवला, सुंठ घातलेला. मागून मनुका, खारीक, संत्र्याची वाळलेली साल, आणि शेवटी अक्रोडाच्या सालीचा बारीक कडूपणा, जो पाच-सात मिनिटं जात नाही. चमचाभर पाणी घातलं की काकवीसारखा गोडवा वर येतो. त्याहून जास्त पाणी नको, पातळ पडते. ४६ टक्क्यांची असती तर मला आणखी आवडली असती. रंग जुन्या तांब्याचा, वरून कॅरॅमल न घालता आलेला.

हे सगळं येतं ओलोरोसो शेरीच्या, म्हणजे एका कडक स्पॅनिश वाइनच्या, पिपांतून. लोणच्याची बरणी रिकामी झाली तरी वास सोडत नाही, तसंच. पूर्वी शेरी पिपांतूनच ब्रिटनला यायची आणि ती रिकामी पिपं स्कॉचवाल्यांना मिळायची. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली. तेव्हापासून पिपं मुद्दाम शेरी भरून मुरवून घ्यावी लागतात. वर दरवर्षी साधारण दोन टक्के व्हिस्की हवेत उडते. त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. पंचवीस वर्षांत चाळीस टक्क्यांच्या आसपास माल देवदूतच पितात, मग किंमत चढणारच.

जानेवारीत कोल्हापूरचा मेहुणा आला. मी वीस मिनिटं मनुका-अक्रोड ऐकवत होतो, त्याने शांतपणे विचारलं, "दाजी, सोडा कुठाय?" दिला. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाईट लागली, पण मग बारा वर्षांची कुठलीही चालली असती. चकण्याला शेव-फरसाण अजिबात नको, तिखटापुढे हिचं काही चालत नाही. सुकं अंजीर आणि बिनमिठाचे भाजलेले बदाम उत्तम. अनारसाही जमला, हे अनपेक्षित.

तळाची चौथाई राहिली तेव्हा, मे महिन्यात, चव फिकी पडायला लागली. बाटलीत व्हिस्की कमी, हवा जास्त. उरलेली एका छोट्या बाटलीत काठोकाठ भरली, तेव्हा कुठे टिकली. हे निम्म्यावरच करायला हवं होतं. परत घेईन का? एकट्यासाठी नाही. तिघं मिळून, सहा महिन्यांत संपवायची ठरवून, नक्की घेईन.

आणि ग्लास लगेच धुऊ नका. रात्रभर तसाच राहिला की सकाळी त्यात ओल्या लाकडाचा आणि मनुकांचा वास येतो. बायको व्हिस्की पीत नाही, पण सिंकमध्ये ठेवण्याआधी तो ग्लास एकदा हुंगते.