जीएचसीमधले छोटे आणि मोठे बिटमॅप

हास्केल या प्रोग्रामिंग भाषेचा जीएचसी कंपायलर (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा) प्रत्येक स्टॅक फ्रेमसोबत (चालू कामाची माहिती ठेवणारा मेमरीचा तुकडा) गार्बेज कलेक्टरसाठी (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) एक नकाशा, म्हणजेच बिटमॅप, ठेवतो: कोणत्या खणात पॉइंटर (मेमरीतल्या दुसऱ्या जागेचा पत्ता) आहे आणि कोणत्या खणात साधा आकडा. बिट ० असेल तर पॉइंटर, १ असेल तर नाही. हा नकाशा दोन प्रकारे ठेवला जातो.

छोटा बिटमॅप थेट इन्फो टेबलमधल्या (फ्रेमची माहिती देणाऱ्या तक्त्यातल्या) एकाच शब्दात, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळते तेवढ्या बिटांच्या गटात, बसतो. ६४ बिटी यंत्रावर खालचे ६ बिट फ्रेमचा आकार सांगतात, उरलेले ५८ बिट म्हणजे नकाशा. कलेक्टर एकेक बिट उजवीकडे सरकवत पुढे जातो. मला ही रचना फार देखणी वाटते.

५८ खण पुरले नाहीत की मोठा बिटमॅप: आकार आणि त्यामागे शब्दांची रांग, वेगळ्या जागी. इन्फो टेबलमध्ये फक्त तिथे नेणारा दुवा. मेमरीत एक फेरी वाढते, पण लांबीला मर्यादा राहत नाही.

कंपायलरच्या आत मात्र दोन्ही म्हणजे शब्दांची एकच यादी. खरी गंमत ती बांधण्यात आहे. पूर्वी प्रत्येक शब्दानंतर उरलेल्या सगळ्या खणांच्या क्रमांकांतून शब्दातल्या बिटांची संख्या वजा केली जाई, तीही आळशीपणे, म्हणजे उत्तर लागेपर्यंत पुढे ढकलून, म्हणून न सोडवलेल्या वजाबाक्यांचे ढीग साचत. आता यादी तशीच पुढे जाते, सोबत सध्याची जागा सांगणारा एक आकडा, आणि वजाबाकी शब्द तयार करतानाच होते. आळशी भाषेत कंपायलर लिहिणाऱ्याने हा बदल जरूर वाचावा.