समीक्षण की पदक? वाइन मासिकाचे दोन निवाडे

लंडनहून 1975 पासून निघणारे ‘डिकँटर’ हे मासिक वाइनचा निवाडा दोन मार्गांनी करते : अंकातील समीक्षणांतून आणि 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘डिकँटर वर्ल्ड वाइन अवॉर्ड्स’मधून. मोजपट्टी दोन्हीकडे शंभर गुणांचीच असली, तरी दोन्ही निवाड्यांचे वजन सारखे मानता येत नाही.

पुरस्कारासाठी उत्पादक स्वतः प्रवेशशुल्क भरून बाटल्या पाठवतो. त्यामुळे ज्यांचा माल पदकाविनाही खपतो, असे अनेक नामवंत तिकडे फिरकत नाहीत, आणि सुवर्णपदकाचा अर्थ ‘आलेल्यांपैकी उत्तम’ एवढाच उरतो. मात्र परीक्षकांचे मंडळ उत्पादकाचे नाव झाकून चव घेते, 95 गुणांना सुवर्ण देते आणि त्याहून वरच्या प्लॅटिनमसाठी वाइन पुन्हा चाखली जाते. नाव नसलेल्या छोट्या उत्पादकाला यापेक्षा न्याय्य दार क्वचितच मिळते.

समीक्षणात निवड संपादकांची असते आणि बरेचदा एकाच समीक्षकाच्या जिभेवर भिस्त ठेवावी लागते. फ्रान्सच्या बोर्दो या वाइनप्रदेशात तर दर वसंतात वाइन बाटलीत भरण्याआधीच, पिंपातील नमुना चाखून गुण दिले जातात, आणि तेव्हा समोर कोणाची वाइन आहे हे समीक्षकाला बहुधा ठाऊक असते. (मासिकाला जाहिरातीही याच व्यवसायातून मिळतात, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.) तरीही आम्लता, टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारे द्रव्य) आणि बाटली किती वर्षे राखावी, हे समीक्षणाचा परिच्छेदच सांगतो, पदकाची चकती सांगत नाही. म्हणून आज उघडायच्या बाटलीसाठी मी पदकावर विसंबेन. साठवणीच्या खरेदीसाठी मात्र समीक्षणच, तेही समीक्षकाचे नाव पाहून.