भिलारच्या घरांत बसून आत्मचरित्रे वाचताना

साताऱ्याहून वाईमार्गे पसरणी घाट चढून पाचगणी ओलांडली की मुख्य रस्त्यापासून थोडे आत भिलार लागते. हे गाव पूर्वी स्ट्रॉबेरीसाठी ओळखले जात होते. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचं गाव’ झाले. राज्य मराठी विकास संस्थेने तेथील २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तके ठेवून या उपक्रमाचा आरंभ केला आणि पुढे ठिकाणांची व पुस्तकांची संख्या वाढत गेली. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली असली, तरी तेथील ओळख जुन्या पुस्तकांच्या दुकानांची आहे, तर भिलारमध्ये काहीही विकत घ्यावे लागत नाही. वाचकाने घरात यावे, कपाटातून पुस्तक काढावे, तेथेच बसून वाचावे आणि उठताना जागेवर ठेवावे, इतकीच अपेक्षा असते. वाचनासाठी शुल्क नाही. प्रत्येक घराकडे एकेक साहित्यप्रकार सोपवलेला असून चरित्रे व आत्मचरित्रे यांनाही त्यात स्वतंत्र स्थान आहे. हे परीक्षण मुख्यतः त्या दालनाच्या निमित्ताने लिहीत आहे, कारण माझ्या मते या गावाच्या रचनेचा सर्वाधिक लाभ आत्मचरित्राच्या वाचकाला होतो.

आत्मचरित्रातील दारिद्र्य, उपासमार, अपमान यांची वर्णने वाचकाला लगेच भिडतात आणि पुस्तकाची कीर्तीही बहुधा त्यांच्यावरच उभी राहते. लेखकाची खरी कसोटी मात्र घरातल्या माणसांबद्दल लिहिताना लागते. ज्यांनी आपल्याला अडवले, मारले, उपाशी ठेवले किंवा पोटाला चिमटा घेऊन शिकवले, त्यांच्याविषयी लिहिताना लेखक त्यांना किती जागा देतो आणि त्यांच्या बाजूचे किती ऐकून घेतो, यावर त्या लेखनाचा दर्जा ठरतो. ग्रंथालयाच्या शांत दालनात या प्रश्नाकडे लक्ष जाईलच असे नाही. भिलारमध्ये पुस्तक हाती असताना आतल्या खोलीत स्वयंपाक चाललेला असतो, सासू-सुनेचे बोलणे कानावर येते, शाळेतून आलेले मूल दप्तर टाकून पुन्हा बाहेर पळते. अशा चालत्याबोलत्या घरात बसून दुसऱ्या कुणाच्या घराची हकिगत वाचली, की पुस्तकात कोण बोलते आहे आणि कोणाला बोलू दिलेले नाही, हे फार ठळकपणे जाणवते.

या दृष्टीने सातारा-सांगलीच्या वाचकाने प्रथम रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ मागावे. आज सांगली जिल्ह्यात असलेले देवराष्ट्रे हे रमाबाईंचे जन्मगाव. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला आणि पतीच्या निधनानंतर काही वर्षांनी, १९१० मध्ये, हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पतीने शिकवायला घेतले म्हणून घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून त्यांना जो जाच सोसावा लागला, तो त्यांनी विस्ताराने सांगितला आहे; पण या स्त्रियांना त्या दुष्ट ठरवत नाहीत. बाहेर सुधारणेचा कैवार घेणारे पती घरात वडिलांचा शब्द मोडत नाहीत आणि पत्नीने सारे निमूटपणे सोसावे असे त्यांना वाटते, हेही त्या लिहून जातात, मात्र तक्रारीचा सूर कोठेही लागू देत नाहीत. कित्येक आधुनिक वाचकांना ही भक्ती खटकते. मला ती खटकत नाही, कारण तिच्या आडून रमाबाईंनी घराचा संपूर्ण नकाशा आपल्या हाती ठेवलेला आहे. शीर्षकातील ‘आमच्या’ या शब्दाआड राहून एक मुलगी हळूहळू सार्वजनिक कार्य करणारी स्त्री होते आणि हा बदल एकदाही जाहीर न करता त्या तो वाचकाला दाखवतात.

याच देवराष्ट्रे गावात, आपल्या आजोळी, यशवंतराव चव्हाण यांचा १९१३ मध्ये जन्म झाला. त्यांचे ‘कृष्णाकाठ’ १९८४ साली आले आणि ते १९४६ पर्यंत येऊन थांबते. योजलेले पुढचे भाग लिहून झाले नाहीत. वडिलांच्या निधनानंतर कराडमध्ये मुलांना वाढवणाऱ्या आई विठाबाई हा या पुस्तकाचा कणा आहे. चव्हाणांची भाषा संयत आहे, काही ठिकाणी ती गरजेपेक्षा अधिक संयत वाटते, तरी आईविषयीच्या भागात तो संयमच तिची ताकद ठरतो.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या १९८६ साली ग्रंथरूपाने आलेल्या आत्मकथनावर अधिक थांबले पाहिजे. किराणा मालाचे लहानसे दुकान चालवताना पुडी बांधण्याच्या रद्दीतील कागद त्या वाचत असत आणि जे लिहीत, ते घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवत. या पुस्तकात ‘मी’ क्वचितच पुढे येते. महारवाड्यातील उपासमार, देवदेवस्की, बाळंतपणे, कोवळ्या वयात सासरी आलेल्या मुलींचे हाल आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या शब्दाने जागी झालेली वस्ती, हे सारे ‘आम्ही’ या एकाच आवाजात येते. सुनांवरील अत्याचार सांगताना, नाक कापण्यापर्यंत गेलेली क्रूरता सांगतानाही, त्या आपल्या माणसांचे दोष झाकत नाहीत. तरीही स्वतःच्या संसारातील मारहाणीबद्दल पुस्तक जवळजवळ गप्प आहे. ती हकिगत पुढे इंग्रजी अनुवादाच्या निमित्ताने झालेल्या मुलाखतीत आली. या मौनाला मी पुस्तकातील उणीव मानत नाही. समाजाचे दुःख सांगण्यासाठी ज्या स्त्रीला आपले हस्तलिखित आपल्याच घरात लपवावे लागले, तिच्या पुस्तकात घराविषयी काय लिहिता आले नाही, हेही त्या दुःखाचेच वर्णन आहे. दिवाणखान्यात बसून हे वाचत असताना यजमानीण चहा विचारायला आल्या आणि काही वेळ मला पुढचे पान उलटवेना.

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि आनंद यादव यांचे ‘झोंबी’ (१९८७) ही पुस्तके लागोपाठ वाचावीत. ‘उपरा’त फलटण भागातील कैकाडी या भटक्या जमातीच्या कुटुंबात गाढवांवर बिऱ्हाड लादून भटकणारा बाप मुलाने शिकावे म्हणून जिवाचे रान करतो. ‘झोंबी’त कागलचा शेतकरी बाप मुलाची शाळा सुटावी म्हणून त्याला झोडपतो. एकीकडे शिक्षण आणि जातीबाहेरचे लग्न यांमुळे मुलगा त्याच बापाच्या जातपंचायतीला परका होतो, तर दुसरीकडे शिकलेला मुलगा भावंडांचा भार खांद्यावर घेऊन पुन्हा घराशीच बांधला जातो, हे यादवांच्या ‘घरभिंती’त पुढे दिसते. शिक्षणाने माणूस बदलतो, हे आपण सहज म्हणतो; त्या बदलाची किंमत घरातील कोणी आणि कशी चुकवली, याचा हिशेब या पुस्तकांत आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी इतके लिहिले गेले आहे की येथे एकच सांगतो. १८९५ मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात त्यांचे सोवळे टप्प्याटप्प्याने कसे गळून पडले, याचे वर्णन अंतर्बाह्य बदलाच्या लेखनाचा मराठीतील सर्वोत्तम नमुना आहे. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समूह साताऱ्यातच स्थापन केला, त्यामुळे जिल्ह्यातील वाचकाला हे पुस्तक दूरचे वाटू नये.

भिलारच्या व्यवस्थेविषयी माझे दोन आक्षेप आहेत. चरित्र आणि आत्मचरित्र यांना एका दालनात ठेवणे सोयीचे असले, तरी चरित्रकाराला नायकाचा शेवट ठाऊक असतो आणि आत्मचरित्रकाराला स्वतःचा नसतो. हा भेद वाचकापर्यंत पोहोचवणारी चार ओळींची ओळख कपाटाशेजारी असायला हवी. दुसरे असे की, पुस्तक गावाबाहेर नेता येत नाही. पुस्तके टिकावीत म्हणून हा नियम योग्य आहे, पण जाड आत्मचरित्र हाती घेणाऱ्या वाचकाला तो अपुरा पडतो. त्यावर मुक्काम हाच उपाय आहे आणि गावात राहण्याजेवण्याची सोय होते. मे महिन्यातील सुट्या आणि जोडून आलेले शनिवार-रविवार टाळावेत, कारण त्या दिवसांत छायाचित्रे काढणाऱ्यांची वर्दळ असते. पावसाळ्यात धुक्यामुळे घाटरस्ता जपून काढावा लागतो. हिवाळा सर्वांत चांगला. हवे असलेले पुस्तक दुसऱ्या घरातही असू शकते, म्हणून आल्याबरोबर यजमानांकडे चौकशी करावी. ज्यांना एकच दिवस शक्य आहे त्यांनी ‘झोंबी’ला हात न घालता बेबीताईंचे पुस्तक मागावे, ते आकाराने लहान आहे आणि सकाळी लवकर पोहोचल्यास परतीच्या गाडीपूर्वी पूर्ण होते.