ग्राहक आधी येतो, माल मागून येतो: १९११ च्या रुपयांत झालेली फसवणूक

नाणी जमवणारे आपल्यातले बरेच जण हळूहळू विकायलाही लागतात. नाण्यांचा एकगठ्ठा लॉट घेतला की त्यात आपल्याला हवं असलेलं एखादंच नाणं निघतं, बाकीची आपल्याकडे आधीच असलेली. ती ओळखीच्यांना देता देता अनोळखी लोकांचे फोन यायला लागतात आणि मग एखाद्या प्रदर्शनात टेबल घ्यावंसं वाटतं. मीही अशीच या व्यवहारात आले. गेल्या वर्षी मला ज्या पद्धतीने फसवलं गेलं, ती पद्धत खास या टप्प्यावरच्या माणसासाठी बेतलेली आहे, अशी माझी खात्री झाली आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

वैष्णोदेवीच्या नाण्याला किंवा ७८६ नंबरच्या नोटेला लाखो रुपये मिळतील, आधी कमिशन भरा, असे जे फोन येतात त्यांबद्दल इथे बोलत नाही. त्याबाबत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे की बँक अशा व्यवहारात नसते, कमिशन मागत नाही आणि तिच्या नावाने ते मागण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. त्या फोनना नाण्यांतला माणूस सहसा बळी पडत नाही. माझ्याबाबतीत जे घडलं ते नाण्यांची जाण असलेल्या माणसाला धरूनच आखलेलं होतं.

नाणं होतं पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया, ज्याला आपण ‘पिग रुपी’ म्हणतो. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना ते डुक्कर वाटलं आणि मुस्लिम समाजातून तीव्र आक्षेप आला. पाडलेल्या सुमारे ९४ लाख नाण्यांपैकी जेमतेम ७ लाख बाहेर गेली होती, उरलेली वितळवली. १९१२ पासून हत्ती सुधारून घेतला. त्यामुळे १९११ चा रुपया दुर्मीळ आहे, पण अगदीच अप्राप्य नाही. फसवणाऱ्याला नेमकं असंच नाणं हवं असतं. १९३९ चा अतिशय दुर्मीळ रुपया कुणी पुढे केला तर नवखासुद्धा दचकतो, चार जणांना विचारतो. मधल्या किमतीच्या नाण्यावर एवढा पहारा नसतो.

प्रदर्शनात एक गृहस्थ टेबलापाशी आले. पन्नाशीचे, बोलणं शांत. माझ्याकडचे दोन राणीछाप रुपये त्यांनी घासाघीस न करता घेतले आणि पैसे जागेवर दिले. १८६२ सालच्या रुपयावरच्या ठिपक्यांबद्दल बोलले, तेही अचूक. मग म्हणाले, “मॅडम, आमच्या शेठसाठी १९११ जमवतोय. कितीही असू देत, चालू भावावर दोन हजार जास्त देतो.” निघताना दहा हजार रुपये विसार ठेवला. माझ्याकडे एकही पिग रुपी नव्हता. तरीही ठेवला. “तुमच्याकडे येईल हो कुठून तरी,” असं म्हणाले.

काही आठवड्यांनी साताऱ्याकडून एकाचा फोन आला. “ताई, आजोबा सावकारी करायचे, जुना डबा निघालाय. मला यातलं काही कळत नाही. तुम्हीच बघून सांगा.” मी भाव विचारायच्या आधीच तो एक नाणं घेऊन आला आणि म्हणाला, “हे ठेवा तुमच्याकडे. कुणाला दाखवायचं त्याला दाखवा.” नाणं १९११ चं होतं. आमच्या शहरातल्या एका जुन्या डीलर काकांना दाखवलं. त्यांनी भिंगाखाली उलटंपालटं करून सांगितलं, अस्सल आहे. ते खरोखरच अस्सल होतं.

उरलेली चौदा तो एका संध्याकाळी घेऊन आला, शेवटच्या एसटीची घाई सांगत. पैसे रोखच हवे होते, कारण “भावाला कळायला नको, वाटणीचं लफडं आहे.” मी प्रत्येक नाणं तोललं. वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बरोबर एक तोळा. लोहचुंबकाला चिकटत नव्हतं. वाजवलं तर खणखणीत. त्याच वेळी शेठच्या माणसाचा फोन आला, “उद्या सकाळी पोहोचतोय, किती झाली?” सहा हजारांप्रमाणे चौऱ्याऐंशी हजार मी दिले, पहिल्या नाण्याचे सहा वेगळे.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही आणि त्या गृहस्थांचा फोन बंद झाला.

फोटो काढायला नाणी ओळीने मांडली तेव्हा दिसलं. राजाच्या मुकुटाखाली, कानाच्या मागे, एक बारीक आडवी खोच. एका नाण्यावर असती तर ती शंभर वर्षांच्या वापराची खूण. पण शेजारच्या नाण्यावरही तीच, त्याच जागी, त्याच कोनात. नऊ नाण्यांवर ती होती. उरलेल्या पाचांवर खोच नव्हती, पण मागच्या बाजूला उर्दू अक्षरांच्या डावीकडे मोहरीएवढीही नसेल अशी एक उंचावलेली गाठ होती. पाचही नाण्यांवर तीच.

हे कसं होतं ते काकांनी नंतर समजावलं. अस्सल नाण्यावरून ठसा तयार करतात आणि चांदीच्या चकत्यांवर तो मारतात. मूळ नाण्याला लागलेला खोलगट ओरखडा ठशात उतरतो आणि प्रत्येक नकलेवर तसाच उमटतो. ठशालाच खड्डा पडला, तर नकलेवर त्या जागी उंचवटा येतो. म्हणजे दोन ठसे होते. ओतीव नकली नाण्यावर सूक्ष्म भोकं दिसतात, कडेला सांधा दिसतो, अक्षरं साबणासारखी गुळगुळीत असतात. इथे यातलं काहीच नव्हतं. सराफाने कस लावून सांगितलं की चांदी खरी आहे. चांदी खरी असल्यामुळे वजन, चुंबक, आवाज आणि पाण्यात बुडवून घनता काढण्याची परीक्षा, सगळ्यांतून ही नाणी पार होतात.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. इतकी वर्षं मी नाणं घेताना नाण्याकडे बघत आले. संग्राहक म्हणून मी चौदा पिग रुपी कधीच घेतले नसते, मला एकच हवा असतो आणि तो मी आठवडाभर निरखते. विकायला लागलं की नजर नाण्यावरून हटून ग्राहकावर जाते, आणि या लोकांनी नेमका ग्राहकच बनावट आणला. दहा हजारांचा विसार आणि एक खरं नाणं ही त्यांची गुंतवणूक. खऱ्या नाण्याचे पैसे तर त्यांना परतही मिळाले.

त्यामुळे विक्रीत उतरलेल्यांना कळकळीने सांगते. एखाद्याने अमुक नाण्याची मोठी मागणी नोंदवली आणि थोड्याच दिवसांत नेमकं तेच नाणं घेऊन कुणी अनोळखी दारात उभा राहिला, तर दोघांना एकच गोष्ट सांगा: तुम्ही समोरासमोर या, व्यवहार आपसात करा, मला फक्त दलाली द्या. खरे असतील तर आनंदाने येतील. बनावट जोडी तिथेच गळते. विसारावर विसंबून स्वतःची रक्कम अडकवू नका. नमुना तपासून घेतला म्हणजे लॉट तपासला असं होत नाही. आणि लॉटमधली नाणी सुटी सुटी बघू नका, एकमेकांशेजारी ठेवून त्यांचे ओरखडे जुळवा. रोखीचा हट्ट आणि एसटीची घाई एकत्र आली, तर व्यवहार दुसऱ्या दिवसावर ढकला.

आणखी एक, कारण याच धाकाने पुष्कळ जण गप्प बसतात. त्या साताऱ्यावाल्याने माझा फोन एकदाच उचलला आणि थंडपणे विचारलं, “ताई, लायसन्स आहे का तुमच्याकडे? शंभर वर्षांवरची नाणी विकता ना?” कायदा तो खरा सांगत होता. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि त्याच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो. त्यामुळे टेबल मांडायच्या आधी परवान्याचं बघा. मी अर्ज नंतर केला. पण वकिलांनी सांगितलं की फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याची तक्रार करायला परवाना लागत नाही. मी तक्रार दिली. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. माझे रोखीने गेले होते.

चौदाही नाणी आता पोलिसांकडे जमा आहेत. पण ठसे त्या लोकांकडेच आहेत. १९११ चा रुपया कुणी दाखवला तर आधी मुकुटाखाली कानामागची खोच बघा, मग उलटवून उर्दू अक्षरांच्या डावीकडची गाठ बघा. दोन्हींपैकी काही दिसलं तर नाणं परत देऊ नका असं म्हणणार नाही, त्यात तुम्हाला धोका आहे. फोटो काढा, आणणाऱ्याचा नंबर ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.