विठ्ठल मंदिरात अभिषेकाची पावती : हंपीच्या सहलीआधी गेलेले ४४,७०० रुपये

हंपीला किंवा बदामी-पट्टदकलला जायचा बेत करत असाल आणि मोबाइलवर हॉटेल शोधत बसला असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. गेल्या नोव्हेंबरात दोन दिवसांत आमच्या घरातून ४४,७०० रुपये गेले. कुणी खातं हॅक केलं नाही, कुणी ओटीपी विचारला नाही. चारही वेळा आम्हीच आमच्या हाताने पैसे पाठवले.

सहल सासूबाईंसाठी होती. त्या वारकरी आहेत, पंढरीच्या कितीतरी वाऱ्या झालेल्या. कृष्णदेवरायाने विठ्ठलाची मूर्ती विजयनगरला, म्हणजे आजच्या हंपीला, नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत पंढरपुरात आणली, ही कथा त्यांनी लहानपणापासून कीर्तनात ऐकलेली. पन्नासच्या नव्या नोटेवर जो दगडी रथ आहे तो त्याच विठ्ठल मंदिराच्या अंगणात आहे, हे नातवाने दाखवल्यापासून त्यांनी एक कोरी नोट हरिपाठाच्या पुस्तकात ठेवली होती. "एकदा ते देऊळ बघायचंय गं," एवढंच म्हणायच्या. म्हणून दिवाळीनंतर आम्ही दोघं, दीर-जाऊ, तीन मुलं आणि आई, असं आठजणांचं ठरलं. मिरजेहून हरिप्रिया एक्सप्रेसची हंपीजवळच्या होस्पेटपर्यंतची तिकिटं काढली. राहायचं मात्र राहून गेलं. हिवाळ्यातले शनिवार-रविवार हंपीला गर्दीचे असतात. होस्पेटमध्ये दोन-तीन ठिकाणी विचारलं, खोल्या भरलेल्या. गाडीची तारीख पक्की आणि डोक्यावर छप्पर नाही, अशी घाई मला झाली होती. त्या माणसाला माझी ही घाई पहिल्या दोन मिनिटांतच कळली असणार.

कमलापूरमध्ये, म्हणजे अवशेषांच्या अगदी लगत, एक जुनं नावाजलेलं हॉटेल आहे. नकाशाच्या ॲपवर ते शोधलं. फोटो खरे, पत्ता खरा, शेकडो लोकांचे अभिप्राय खरे. खाली मोबाइल नंबर होता, त्यावर फोन लावला. नकाशावरच्या नोंदीत दुरुस्ती सुचवण्याची सोय कुणालाही असते आणि तिचा वापर करून हे लोक हॉटेलचा नंबर काढून तिथे स्वतःचा नंबर बसवतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या लेखी मी हॉटेललाच फोन करत होते.

पलीकडचा माणूस स्वच्छ हिंदीत, अत्यंत नम्रपणे बोलला. कोण कोण येणार, मुलांची वयं काय, ज्येष्ठ नागरिक आहेत का, गुडघ्यांचा त्रास आहे का, सगळं विचारलं. मीही सांगत गेले. आई वारकरी आहेत, विठ्ठल मंदिरासाठीच येतोय, हेही सांगितलं. दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर हॉटेलच्या नावाचं लेटरहेड, जीएसटी नंबर आणि खोल्यांचे फोटो आले. तीन खोल्या, दोन रात्री, आगाऊ ६,००० रुपये. पैसे पाठवताना स्क्रीनवर हॉटेलचं नाव आलं नाही, कुणा माणसाचं नाव आलं. मी थबकले आणि विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, वो हमारे अकाउंटंट हैं." मी पैसे पाठवले.

तासाभराने पुन्हा फोन आला. आता त्याच्याकडे आमच्यासाठी खास पॅकेज होतं. माणशी ८५० प्रमाणे आठजणांचे ६,८००. त्यात सगळ्या मंदिरांचा व्हीआयपी प्रवेश, रांगेशिवाय बॅटरीगाडी आणि संगीत खांब वाजवून दाखवणारा गाइड. शिवाय माताजींच्या नावाने विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यात अभिषेक, २,१०० रुपये. एकूण ८,९००. पुरातत्त्व खात्याची मान्यता असल्याचं सांगून त्याने सिंहमुद्रा छापलेला कागदही पाठवला. आई शेजारीच बसल्या होत्या. अभिषेकाचं ऐकून त्यांनी हात जोडले. त्यांचे जोडलेले हात बघून मी पुढे काहीही विचारलं नाही.

या पॅकेजमधली एकूण एक गोष्ट खोटी होती आणि प्रत्येक गोष्ट मला घरी बसून तपासता आली असती.

हंपीच्या विठ्ठल मंदिरात मूर्ती नाही. गाभारा रिकामा आहे. तिथे पूजा होत नाही, अभिषेक होत नाही, पुजारी नाही. नित्य पूजा चालते ती विरुपाक्षाच्या देवळात. संगीत खांब कुणी वाजवून दाखवत नाही. महामंडपातल्या ५६ खांबांवर लोकांनी इतकी वर्षं दगडं आणि लाकडं आपटली की आता त्यांना हात लावायलाच बंदी आहे. व्हीआयपी प्रवेश असा काही प्रकारच नाही. भारतीयांना ४० रुपयांचं तिकीट आहे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तेही नाही, आणि त्याच एका तिकिटावर त्याच दिवशी विठ्ठल मंदिर, कमलमहाल-गजशाळेचा परिसर आणि कमलापूरचं संग्रहालय अशी तिन्ही ठिकाणं बघता येतात. हजारराम मंदिर, महानवमी दिब्बा, उग्र नरसिंह, बडवीलिंग, हेमकूट टेकडी इथे तर तिकीटच नाही. बॅटरीगाडी वाहनतळापासून मंदिरापर्यंत जाते, साधारण एक किलोमीटर, आणि तिचं माणशी दहा-वीस रुपयांचं तिकीट तिथेच खिडकीवर मिळतं. आधी बुकिंग करण्यासारखं त्यात काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, मी स्वयंपाकघरात असताना त्याचा फोन आला. आवाजात काळजी. म्हणे दोन पेमेंट वेगवेगळी आल्याने सिस्टिममध्ये बुकिंग लॉक होत नाही. पूर्ण १४,९०० एकदम पाठवा, आधीचे १४,९०० पाच मिनिटांत आपोआप परत येतील. खोल्या सुटतील या भीतीने मी पाठवले. मग परताव्यासाठी म्हणून त्याने क्यूआर कोड पाठवला आणि जावेच्या मोबाइलवरून तो स्कॅन करायला सांगितला. "मॅडम, फोन कट मत कीजिए, सेशन एक्सपायर हो जाएगा," हे तो दर मिनिटाला म्हणत होता. गॅसवर भाजी, एका कानाला फोन, दुसऱ्या हातात जावेचा मोबाइल. स्क्रीनवर १४,९०० आकडा दिसला आणि खाली पिन मागितला. जाऊबाई म्हणाल्या, "पैसे यायला पिन कशाला लागतो?" मी म्हटलं, तो सांगतोय ना, टाका. त्यांनी टाकला. त्यांच्या खात्यातून १४,९०० गेले.

पिन पैसे पाठवायला लागतो. पैसे यायला पिनही लागत नाही आणि काही स्कॅनही करावं लागत नाही. त्या क्षणी जाऊबाई बरोबर होत्या आणि मी त्यांना गप्प केलं, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

उलगडा केला सासूबाईंनी. त्यांचं माहेर जत तालुक्यातलं, कानडी त्यांना मराठीइतकंच येतं. रात्री जेवताना दिरांनी होस्पेटच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून त्या हॉटेलचा जुना लँडलाइन नंबर मिळवला आणि फोन आईंच्या हातात दिला. आई कानडीत बोलल्या. दोन मिनिटांत त्यांचा चेहरा उतरला. आमच्या नावाने बुकिंग नव्हतंच. हॉटेलातला मुलगा म्हणाला होता, "अम्मा, या आठवड्यातला असा हा चौथा फोन." मला राहून राहून वाटतं, पहिल्याच दिवशी फोन आईंना दिला असता आणि त्यांनी चार वाक्यं कानडीत विचारली असती, तर तो माणूस तिथेच अडला असता.

त्यानंतर काय केलं ते नीट सांगते, कारण इथे मिनिटं मोजावी लागतात. शेवटचं पेमेंट सहा चाळीसला गेलं होतं. आठ वीसला आम्ही १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन लावला. पहिल्या दोन वेळा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. त्यांना हवं असतं ते हे : कोणत्या बँकेतून, किती वाजता, किती रक्कम, आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर. तो पेमेंट ॲपमध्ये व्यवहार उघडला की दिसतो. आम्ही तो शोधण्यातच दहा मिनिटं घालवली. तक्रार क्रमांक मिळाल्यावर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तपशील भरले, लेटरहेड, सिंहमुद्रेचा कागद आणि चॅटचे फोटो जोडले आणि सोमवारी जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. शेवटच्या १४,९०० पैकी ११,६०० पुढच्या एका खात्यात गोठवता आले. बाकीचे तोवर तीन-चार खात्यांतून फिरून एटीएममधून काढले गेले होते. गोठवलेली रक्कम कोर्टाच्या आदेशाने चार महिन्यांनी जावेच्या खात्यात आली. उरलेल्या ३३,१०० चं काही झालेलं नाही. बँकेने कळवलं की व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केलेले आहेत, त्यामुळे भरपाई देता येत नाही.

सहल रद्द करायची असं मी म्हणत होते. आईच म्हणाल्या, तिकिटं आहेत, जाऊ या. जायच्या दोन दिवस आधी होस्पेटच्या एका साध्या लॉजमध्ये खोल्या मिळाल्या. पैसे पोहोचल्यावर काउंटरवर द्यायचे ठरले.

विठ्ठल मंदिराच्या खिडकीवर पाच मोठ्या माणसांचे २०० रुपये झाले. तीन मुलांचं तिकीटच नाही. २०० रुपयांची ती तिकिटं हातात घेतल्यावर मला रडू आलं. आत ओळखपत्र गळ्यात घातलेला, पर्यटन खात्याचा परवाना असलेला एक गाइड घेतला. पैसे किती ते सुरुवातीलाच ठरलं. त्याला मी खोल्यांचे ते फोटो दाखवले. नदीकाठची गवताच्या छपराची झोपडी, पुढे झोपाळा, मागे भाताची खाचरं. त्याने बघताक्षणी ओळखलं. ही विरुपापूर गड्डी, नदीपलीकडची. तिथली रिसॉर्टं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२० सालीच पाडली गेली. पाच वर्षांपूर्वी जमीनदोस्त झालेल्या झोपड्यांचे फोटो कमलापूरच्या खोल्या म्हणून आम्हाला दाखवले होते. ते फोटो इंटरनेटवर टाकून मुळात कुठले आहेत हे शोधलं असतं, तरी हे कळलं असतं.

आई दगडी रथाजवळ बराच वेळ उभ्या होत्या. चाकावरच्या नक्षीवरून नजर फिरवत होत्या, हात लावला नाही, कारण तिथे दोरी आहे. मग मंडपाच्या बाजूने गाभाऱ्याच्या दिशेने बघत हात जोडले. गाइडने सांगितलं की आत काही नाही. आई म्हणाल्या, "माहीत आहे बाळा. तो तिकडे आमच्याकडे आहे." पुस्तकातली नोट त्यांनी काढली नाही, परत येताना ती तशीच होती.

जवळच्या लोकांना मी आता एवढंच सांगते. हॉटेलचा नंबर नकाशावरून किंवा जाहिरातीतून घेऊ नका. हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या, आणि वेबसाइटचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. शक्य असेल तर त्या गावातल्या माणसाकडून लँडलाइन मिळवा आणि त्यावर एकदा बोला. सरकारी पर्यटन महामंडळाचं निवासस्थान असेल तर त्याचं बुकिंग महामंडळाच्याच साइटवर होतं, कुणाच्या व्हॉट्सॲपवर होत नाही. पुरातत्त्व खात्याच्या स्थळाचं तिकीट दारात मिळतं, त्यासाठी मध्यस्थ लागत नाही. पैसे घेणाऱ्याचं नाव हॉटेलच्या नावाशी जुळत नसेल तर थांबा, त्याने कितीही चांगलं कारण दिलं तरी. आणि देवदर्शनाचं काही विकायला कुणी आलं, तर त्या देवळात पूजा चालते का हे आधी विचारा. केदारनाथच्या हेलिकॉप्टर तिकिटांच्या नावाने लोकांना असंच लुटलं जातं. तिथलं अधिकृत बुकिंग आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवर असतं, पण आई-वडिलांना दर्शन घडवायच्या ओढीने माणूस मिळेल त्या नंबरवर फोन लावतो.

त्या हॉटेलच्या नोंदीतला चुकीचा नंबर आम्ही घरातल्या पाच मोबाइलवरून कळवला. आठवड्याभरात तो निघाला. हे लिहिण्याआधी काल रात्री पुन्हा उघडून बघितलं. फोटो तेच आहेत, पत्ता तोच आहे आणि खाली एक नवा मोबाइल नंबर आला आहे. सासूबाईंनी त्यावर फोन लावून कानडीत खोली आहे का विचारलं. पलीकडून हिंदीत उत्तर आलं, आणि फोन कट झाला. तोही नंबर आम्ही कळवला आहे, १९३० च्या तक्रारीतही जोडला आहे.