व्हर्टआयओ की एसआर-आयओव्ही: व्हर्च्युअल मशीनला कोणतं नेटवर्क कार्ड द्यावं?

केव्हीएम किंवा प्रॉक्समॉक्सवर (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशिनं चालवणारी सॉफ्टवेअर) मशीन उभं करताना नेटवर्क कार्डाचा प्रकार विचारला जातो, तेव्हा ई१००० आधीच बाजूला ठेवा. ते इंटेलच्या जुन्या गिगाबिट कार्डाचं सॉफ्टवेअरनं घेतलेलं सोंग आहे. ड्रायव्हर जवळपास सगळीकडे मिळतो, म्हणून जुनाट सिस्टिमला बरं. रोजच्या कामात मात्र प्रोसेसर खातं. खरी निवड उरलेल्या दोघांत, व्हर्टआयओ आणि एसआर-आयओव्ही यांत आहे.

व्हर्टआयओमध्ये आपण व्हर्च्युअल आहोत हे मशीनच्या ड्रायव्हरला ठाऊक असतं, त्यामुळे नकलेचा खटाटोप लागत नाही. सामायिक मेमरीतल्या रांगांमधून पॅकेटं होस्टकडे, म्हणजे ज्या खऱ्या सर्व्हरवर मशीन चालतं त्याच्याकडे जातात. लिनक्स कर्नलमध्ये हा ड्रायव्हर २००८ पासून आहे आणि २०१० मध्ये व्हीहोस्ट-नेट आल्यावर पॅकेट हाताळण्याचं काम होस्टच्या कर्नलमध्येच होऊ लागलं. विंडोजमध्ये ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. तिथे ई१००० वरून व्हर्टआयओवर जाताना जपा: विंडोजला ते नवं कार्ड वाटतं, स्थिर आयपी जुन्या, आता न दिसणाऱ्या कार्डापाशी राहतो. ड्रायव्हर आधी घाला, आयपी-गेटवे लिहून ठेवा, मगच कार्ड बदला.

एसआर-आयओव्हीत कार्डच स्वतःचे भाग पाडतं; अशा प्रत्येक भागाला व्हीएफ (व्हर्च्युअल फंक्शन) म्हणतात. इंटेल आय३५० एका पोर्टमागे ७ व्हीएफ देतं, दहा गिगाबिटचं ८२५९९ तब्बल ६३. व्हीएफ थेट मशीनला जोडला की पॅकेट होस्टच्या ब्रिजला (मशिनांना नेटवर्कशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअर स्विचला) वळसा घालून जातं. विलंब घटतो, होस्टच्या प्रोसेसरवरचा भार हलका होतो. पण ब्रिजवर लावलेले फायरवॉलचे नियम त्या पॅकेटांना लागूच होत नाहीत, आणि माझ्या मते या पर्यायातली ही सर्वांत दुर्लक्षिली जाणारी गोष्ट आहे. म्हणून प्रत्येक व्हीएफचा मॅक (कार्डाचा पत्ता) आणि व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा विभाग) होस्टवरून ठरवा, खोटा पत्ता अडवणारी स्पूफ-तपासणी चालू आणि व्हीएफला जादा अधिकार देणारं ट्रस्ट बंद ठेवा. शिवाय मशीनची सगळी रॅम अडकून राहते, बलूनिंगचा (मशीनची न वापरलेली रॅम होस्टला परत देण्याचा) उपयोग उरत नाही आणि चालतं मशीन दुसऱ्या होस्टवर हलवणं अवघड होतं. बायॉसमध्ये इंटेलचं व्हीटी-डी किंवा एएमडीचं आयओएमएमयू, म्हणजे मशीनला कार्ड थेट देता येण्याची सोय, चालू लागते. व्हीएफची संख्या बदलायची तर आधी ती शून्यावर आणावी लागते, म्हणजे ते वापरणारी मशिनं आधी बंद करावी लागतात.

दोन्हींत धोका एकच: ज्या तारेवरून आपण सर्व्हरवर आलो, तीच तुटणं. मी एकदा नवं कार्ड बसवून सर्व्हर रीबूट केला, बसचे क्रमांक सरकले, जुन्या कार्डाचं नाव बदललं आणि ब्रिज पोर्टाविना उरला. रिमोट कन्सोलची, म्हणजे नेटवर्क तुटलं तरी दुरून सर्व्हरचा पडदा दाखवणाऱ्या सोयीची, केबल जोडलेलीच नव्हती. पुण्याहून चाकणला रात्री जाऊन दोन ओळी बदलाव्या लागल्या. तेव्हापासून इंटरफेसचं नाव मॅकशी बांधून ठेवतो आणि कन्सोल उघडून पाहिल्याशिवाय हात लावत नाही. उबुंटूवर नवं नेटवर्क सेटिंग लावून पाहणारी 'नेटप्लॅन ट्राय' ही कमांड १२० सेकंदांत होकार न मिळाल्यास जुनं सेटिंग परत आणते, पण ब्रिजचे किंवा बाँडचे (अनेक कार्डांच्या जोडणीचे) खास पॅरामीटर असले तर त्यावर विसंबू नका. जुनी फाइल दहा मिनिटांनी परत लावणारं काम आधीच नेमून ठेवा. ड्रायव्हर आणि फर्मवेअरची आवृत्तीही एथटूल या कमांडनं पाहून नोंदवा.

वेबसाइट, डेटाबेस, फाइल सर्व्हर, हिशेबाचं सॉफ्टवेअर यांना व्हर्टआयओ द्या, निःशंकपणे. लहान पॅकेटांचा मारा झेलणारं राउटर किंवा फायरवॉल मशीन असेल आणि होस्टचा प्रोसेसर खरोखर पॅकेटांमागे अडकल्याचं मोजून दिसत असेल, तर एसआर-आयओव्ही घ्या. मशीन हलवायचंही असेल तर कर्नल ४.१८ पासून दोन्ही एकत्र देता येतात: मॅक एकच, हलवण्यापूर्वी व्हीएफ काढला की वाहतूक व्हर्टआयओवर जाते आणि नव्या होस्टवर व्हीएफ जोडला की परत त्यावर येते.