महानारायण तेल : आखडलेल्या सांध्यांना चांगले, सुजलेल्यांना नको

सकाळी उठल्यावर गुडघे आखडलेले असतात आणि चार पावले चालल्यावर मोकळे होतात, अशा कोरड्या, वाताच्या दुखण्यासाठी महानारायण तेल घेण्यासारखे आहे. तिळाच्या तेलात शतावरी, अश्वगंधा, बला, दशमुळे आणि दूध आटवून ते सिद्ध करतात. बाटली घेताना घटकांची यादी वाचाच. तिळाच्या तेलाऐवजी लिक्विड पॅरॅफिन (खनिज तेल) दिसले तर ती परत ठेवा. तेल आटवताना कच्चे राहिले आहे का, हे घरीही कळते. कापसाची वात तेलात भिजवून पेटवायची. तडतडली तर तेलात पाणी उरले आहे आणि ते लवकर खवट होणार.

तेल थेट गॅसवर तापवू नका. वाटी गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून ऊब पाहा. दोन्ही गुडघ्यांना 10 मिली पुरते, सर्वांगाला 50 ते 60 मिली लागते. मांडी आणि पोटरीवर लांब हात फिरवा, सांध्याभोवती गोल. गुडघ्याच्या वाटीवर जोर नको; तिच्या वरचे आणि बाजूचे स्नायू चोळा, कारण ताठरपणा बराचसा तिथेच असतो. पंधरा मिनिटांनी गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलने दहा मिनिटे शेका. "तेलाने काही फरक पडला नाही" म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा थंड तेल चोपडलेले असते आणि शेक टाळलेला असतो. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर मात्र शेक नकोच, भाजलेले कळत नाही. नंतर बेसन लावून आंघोळ करा आणि तेलकट तळवे आधी पुसा, न्हाणीघरात पाय सटकतो.

झिजलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरची गादी) या तेलाने भरून येत नाही. सांधे हलके होतात, ठणका काही तास कमी होतो, झोप बरी लागते, आणि रोज ठणका सोसणाऱ्या माणसाला एवढेही फार असते.

सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तर चोळू नका. आमवातात, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या वातात, तेलाने दुखणे वाढते, असे वैद्यही सांगतात. ताप, अजीर्ण किंवा नुकतेच झालेले जेवण असेल तर मालीश पुढे ढकला. एकाच पोटरीला अचानक सूज येऊन ती दुखू लागली तर तिला हात न लावता डॉक्टरांकडे जा; शिरेत गुठळी असू शकते.